आगगाडीच्या टेबलाखाली

श्रोतेहो, खेळण्यातल्या आगगाड्यांचा इतिहास सांगायला कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, याचे आपणांस नवल वाटणे साहजिक आहे. आमचे शालेय शिक्षण नववीपाशी थांबले. पुढे जे काही झाले ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. परंतु यंत्राच्या खोलीची किल्ली कोणाच्या हाती असावी, या एका प्रश्नात आमची तीस वर्षे गेली, आणि आजची हकीकत त्या किल्लीचीच आहे.

अमेरिकेत बॉस्टनजवळ केंब्रिज येथे एम. आय. टी. ही तंत्रविद्येची प्रसिद्ध संस्था आहे. तेथील विद्यार्थ्यांनी १९४६ साली ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ काढला. त्यांची खोली होती वीस नंबरच्या इमारतीत. ही लाकडी इमारत १९४३ साली, युद्धाच्या धामधुमीत, रडारच्या संशोधनासाठी तात्पुरती म्हणून उभारली गेली आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. मुंबईची संक्रमण शिबिरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ‘तात्पुरती’ या शब्दाचा अर्थ सांगायला नको.

खोलीत भले मोठे टेबल, त्यावर डोंगर, गावे, पूल आणि खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान अशा गाड्या. सभासदांत सरळ दोन तट होते. एक तट टेबलाच्या वर रमे: डबे रंगवणे, घरे बांधणे, वेळापत्रक आखणे. दुसरा टेबलाखाली. या दुसऱ्यांची ‘सिग्नल्स अँड पॉवर’ नावाची उपसमिती होती. वर गाडी धावते, ती का धावते हे त्यांना पाहायचे असे.

ही अडचण समजून घेण्यासारखी आहे. खेळण्याच्या इंजिनाला वीज रुळांतून मिळते. सगळे रूळ एकाच खटक्याला जोडले तर सगळ्या गाड्या एकदम चालतील आणि एकदम थांबतील. म्हणून रुळांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा विजेच्या दृष्टीने वेगळा ठेवायचा, आणि गाडी पुढे सरकेल तसतसा पुढचा तुकडा तिच्याच चालकाच्या हाताखाली आणायचा. हे काम रिले करतो. तारेच्या गुंडाळीत वीज सोडली की लोखंडाची पट्टी खेचली जाते, आणि एक जोड तुटतो, दुसरा जुळतो. ‘अमुक तुकडा मोकळा असेल आणि सांधा वळलेला असेल, तरच वीज सोड’ अशी अट या पट्ट्यांतून बांधता येते. अशा जोडणीला तर्कशास्त्राचे बीजगणित लावता येते, हे क्लॉड शॅनन याने त्याच संस्थेत १९३७ साली आपल्या प्रबंधात दाखवले होते. टेबलाखालच्या मुलांनी टेलिफोन-व्यवस्थेतले रिले आणून डाख देऊन जोडले, आणि टेलिफोनची तबकडी फिरवून गाड्या हाताळू लागले. चतुराईने केलेल्या करामतीला ते ‘हॅक’ म्हणत. पीटर सॅमसन या सभासदाने १९५९ साली क्लबच्या बोलीचा छोटा कोशच केला, त्यात हा शब्द आहे. आज तो चोराला लावतात. तेव्हा तो कारागिराचा होता.

क्लबचा एक नियम आम्हांस फार आवडतो. मांडणीवर ४० तास काम केले की खोलीची किल्ली मिळे. बाप कोण, गुण किती, हे विचारले जात नसे. (आमच्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरवले; त्या हिशेबाने आमच्या फिटरला सहाव्या दिवशी किल्ली मिळायला हरकत नव्हती.)

१९५९ च्या वसंतात जॉन मॅकार्थी यांनी तेथे संगणकाला आज्ञावली लिहिण्याचा वर्ग काढला आणि क्लबची काही मुले त्यात बसली. यंत्र होते आय. बी. एम. ७०४. त्याला हात लावायचा नाही. भोके पाडलेली कार्डे नेमलेल्या माणसाकडे द्यायची आणि उत्तराची वाट पाहायची. कारखान्यात स्टोअरच्या खिडकीशी चिठ्ठी देऊन उभे राहावे तसे. आम्ही एका कारखान्यात हे भोगले आहे. नवे यंत्र आले, त्याच्या झाकणाला कुलूप होते. ते बिघडले की, ज्यांनी आयुष्यभर यंत्रे उघडून बसवली ते लोक हात बांधून बाहेरच्या तंत्रज्ञाची वाट पाहत बसत, आणि वाया गेलेल्या वेळेचा बट्टा त्यांच्याच नावावर लागे.

त्या मुलांचे नशीब बरे. लिंकन प्रयोगशाळेचा टीएक्स-० हा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक १९५८ साली संस्थेला उसना मिळाला होता. क्लबचे जुने सभासद जॅक डेनिस यांनी मुलांना त्याची वाट दाखवली. येथे माणूस स्वतः यंत्रासमोर बसू शकत असे. दिवसा इतरांच्या पाळ्या. म्हणून ही मंडळी रात्रपाळी करीत. सॅमसनने त्या यंत्राच्या ध्वनिवर्धकातून बाखचे संगीत वाजवले. उपयोग काय, असे कोणी विचारील. टेबलाखालच्या रिलेचा तरी काय उपयोग होता?

१९६१ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीने संस्थेला पीडीपी-१ यंत्र भेट दिले. स्टीव्ह रसेलने मित्रांच्या साहाय्याने १९६२ मध्ये त्यावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला: पडद्यावर दोन अवकाशयाने, एकमेकांवर मारा करणारी. सॅमसनने मागे आकाशातले खरे तारे त्यांच्या जागी बसवले. डॅन एडवर्ड्सने मध्यावरच्या सूर्याला गुरुत्वाकर्षण दिले. यंत्रावरचे खटके दाबून दाबून कोपरे दुखू लागली, तेव्हा ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स रेल्वे क्लबच्या खोलीत गेले आणि तिथल्या सामानातून हातात धरायच्या पेट्या करून घेऊन आले.

आम्ही या मुलांची आरती ओवाळीत नाही. रात्री जागायला त्यांना सवड होती, पोटाची चिंता नव्हती. ते बहुतेक सारे मुलगेच होते. आणि टीएक्स-० लष्कराच्या पैशावर उभा राहिला होता. स्पेसवॉरवर कोणी मालकी सांगितली नाही, ज्याने मागितला त्याला तो फुकट मिळाला. कंपनीने मात्र आपली यंत्रे तपासायला तो वापरला. रचणाऱ्यांना त्याचे काही मिळाले नाही. आमच्यातला युनियनवाला येथे कुरकुरतो, आणि आमच्यातला वाचक त्याला गप्प बसवतो. दोघांचे भांडण अजून मिटलेले नाही.

वीस नंबरची इमारत १९९८ साली पाडली. क्लबने बिऱ्हाड दुसऱ्या इमारतीत हलवले आणि तेथे नवे टेबल मांडून रूळ पुन्हा पहिल्यापासून अंथरायला घेतले.