नागपूर आणि खेळावर बोलण्याचा व्यवसाय

संगणकावरील नवा खेळ बाजारात येण्यापूर्वी तो स्वतः खेळून पाहावा, त्याच्या गुणदोषांची कैफियत लिहून मुदतीत संपादकाकडे रवाना करावी, आणि आठवड्यातून एकदा ध्वनिक्षेपकापुढे बसून त्याच विषयावर तासभर पॉडकास्ट करावा, असा व्यवसाय नागपुरातील एखाद्या तरुणाने पत्करला, तर घरातील वडीलधाऱ्यांस तो अगदीच निराधार वाटतो. माझ्या मते त्याची वंशावळ तशी जुनी आहे. ती वृत्तपत्राच्या कचेरीतून आणि आकाशवाणीच्या ध्वनिगृहातून उतरलेली असून तिच्या काही महत्त्वाच्या खुणा नागपुरातच सापडतात.

१९५६ पर्यंत नागपूर ही आधी मध्यप्रांताची आणि नंतर मध्यप्रदेशाची राजधानी होती; त्यामुळे सचिवालय, विधिमंडळ आणि उच्च न्यायालय यांच्या सावलीत वाढलेल्या येथील वृत्तपत्रांचा पिंड स्वभावतःच राजकीय राहिला. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने १९११ साली काढलेला ‘हितवाद’ काय, किंवा १९४४ पासून ग. त्र्यं. माडखोलकरांच्या संपादकत्वाखाली निघणारा ‘तरुण भारत’ काय, या पत्रांचा दबदबा होता तो अग्रलेखामुळे. खेळाच्या वार्तेला मराठी दैनिकात मानाचे स्वतंत्र पृष्ठ मिळवून देण्याचे श्रेय सामान्यतः वि. वि. करमरकरांना दिले जाते, आणि ते कार्य १९६२ साली निघालेल्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मधून, म्हणजे मुंबईत, झाले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, लेखणी चालवणारे हेच करमरकर आकाशवाणीवरून क्रिकेटचे मराठी धावते वर्णनही करीत, बाळ ज. पंडित तर स्वतः रणजी सामने खेळलेले गृहस्थ, आणि तेही लिहीत व बोलत. त्यांच्याही पूर्वी, १९३४ साली, मुंबईच्या मैदानावरून क्रिकेटचे वर्णन करणारे बॉबी तल्यारखान पुढे स्तंभलेखक म्हणूनही तितकेच गाजले. सारांश, खेळाचा जाणकार म्हणून ज्याचे नाव होई त्याच्याकडून हात आणि कंठ या दोहोंची चाकरी घेण्याचा प्रघात पॉडकास्टच्या फार आधीचा आहे.

नागपूर आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. घरी रेडिओ ठेवावयाचा तर टपाल कचेरीत शुल्क भरून परवाना घ्यावा लागे, आणि केंद्रावर भाषण करावयाचे तर करारपत्रावर सही करून, संहिता आधी दाखल करून, नेमून दिलेल्या मिनिटांत ती वाचावी लागे. हे केंद्र ज्या सिव्हिल लाइन्स भागात आहे, तेथील विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानावर ऑक्टोबर १९६९ मध्ये नागपूरचा पहिला कसोटी सामना झाला. त्यात न्यूझीलंडने आपणांस १६७ धावांनी हरविले, हे सांगण्याचा मोह कोणा नागपूरकरास होणार नाही, तथापि इतिहासाला लोकलज्जेची सवलत नसते.

याहून विलक्षण प्रकरण १९८८ चे. त्या वर्षी आकाशवाणीची राष्ट्रीय प्रसारण सेवा सुरू झाली, आणि देशभर रात्री ऐकू जावी म्हणून तिचे १००० किलोवॅट शक्तीचे मध्यमलहरी प्रक्षेपक नागपूरजवळ उभारण्यात आले. कारण उघड होते: देशाच्या मध्यावरून सोडलेली लहर सर्व दिशांना सारखी पोचते. कार्यक्रम दिल्लीचे, प्रक्षेपण नागपूरचे. ट्रकचालक, पहारेकरी आणि निद्रानाशाने पीडित लोक ज्या आवाजाच्या सोबतीने रात्र काढीत, तो आमच्या मातीवरून निघे, पण त्यात आमचे बोलणे मात्र अत्यल्प असे. २०१९ च्या आरंभी ही सेवा बंद झाली. तोवर स्वस्त आंतरजालामुळे एका खोलीत बसून, कोणाचाही परवाना न काढता, देशाला ऐकविण्याची सोय झालेली होती.

संगणकीय खेळांची पत्रकारिता परदेशात १९८१ च्या सुमारास नियतकालिकांच्या रूपाने स्थिरावली. आपल्याकडे मात्र नव्वदीत दूरदर्शन संचाला जोडावयाचे खेळयंत्र आले आणि दिवाणखान्यांत मारिओ उड्या मारू लागला, तरी त्याविषयी लिहावे असे कोणत्याही मराठी संपादकास वाटले नाही. नंतर ‘डिजिट’सारख्या इंग्रजी मासिकांसोबत येणाऱ्या तबकड्यांवर एका पिढीने हात साफ केला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा पौराणिक पार्श्वभूमीचा खेळ काढला, तेव्हा परीक्षणाला घरचा विषय मिळाला.

हे परीक्षण क्रीडावृत्ताचे नव्हे, नाट्यसमीक्षेचे भावंड आहे, असे माझे ठाम मत आहे. सामना सर्वांसमोर एकदाच घडतो. खेळ प्रत्येकाच्या हातून निराळा घडतो, आणि त्याची रचना, गती, दृश्ये, संगीत यांचा न्याय करावा लागतो. धनवटे रंगमंदिरात नाटक पाहून रात्रीच मजकूर देणाऱ्या समीक्षकाचे तीन तास खर्च होत. या परीक्षकाला चाळीस-पन्नास तासांचा खेळ चार-पाच दिवसांत संपवावा लागतो, कारण प्रकाशक प्रत आगाऊ धाडतो तो अमुक प्रहरापूर्वी अक्षरही छापू नये या अटीवर. ही फुकटची प्रत म्हणजे नजराणा की कामाचे साधन, हा प्रश्न या धंद्यात कायमचा आहे. ती घेतल्याचे वाचकास उघड सांगणे, एवढाच त्यावर सभ्य तोडगा. पॉडकास्टचे तासभराचे संभाषण सहज वाटते, पण त्यातील खोकले, अडखळणे आणि पाल्हाळ कापण्यात त्याच्या कितीतरी पट वेळ जातो, आणि त्या वेळेचा मोबदला बहुधा कोणी देत नाही.

सरकारी फर्मानाचा धाकही परवान्याबरोबर संपलेला नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली; तोच खेळ २०२१ च्या जुलैत नव्या नावाने परतला, २०२२ च्या जुलैत पुन्हा अडकला आणि २०२३ च्या मे महिन्यात सुटला. दर वेळी त्यावर बोलणाऱ्यांचा विषयच रातोरात काढून घेतला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांना व त्यांच्या जाहिरातींना मनाई करणारा कायदा केला. तो मला योग्य वाटतो. परंतु खेळावरच्या बोलण्याला मिळणाऱ्या पुरस्कर्त्यांच्या रकमेत अशा खेळांचा वाटा मोठा होता, आणि तो गेल्यावर ध्वनिक्षेपकापुढे बसणाऱ्याने दुसरा आश्रयदाता शोधावयाचा आहे. नागपूरच्या व्यापाऱ्यांनी नाटकांना, व्याख्यानमालांना आणि क्रिकेटला वर्गणी दिल्याचे सर्वश्रुत आहे. या नव्या बोलघेवड्यांकडे त्यांचे लक्ष अद्याप गेलेले नाही.