खेकडा, बँकर आणि मामाची होडी

मागे मामेबहिणीनं फोनवर विचारलं होतं, "दादा, त्या होडीच्या मोटरीचं काय झालं ते लिही ना एकदा." लिहितो. पण माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे, सुरुवात कसाऱ्याच्या स्टेशनापासूनच होणार!

अण्णा रेल्वेत होते. त्यामुळे लहानपणी आमच्या घरातलं घड्याळ म्हणजे बँकर. मुंबईकडून आलेली गाडी कसाऱ्याला थांबायची, मागून इंजिनं जोडली जायची आणि मग ते सगळं लटांबर थळ घाट चढून इगतपुरीला जायचं. सदतीस फुटांमागे एक फूट चढ. रूळ कसाऱ्यापर्यंत १८६१ साली आले, पण पुढचा हा घाट चढून इगतपुरी गाठायला १८६५ साल उजाडलं. पहिली पासष्ट वर्षं सगळं वाफेवर. १९२५ च्या फेब्रुवारीत बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि १९३० मध्ये वीज इगतपुरीपर्यंत पोचली, ती १५०० व्होल्ट डी.सी.

घाटासाठी जीआयपी रेल्वेनं जी मालगाडीची इंजिनं १९२८ पासून आणली, त्यांना आपले लोक 'खेकडा' म्हणत. स्वित्झर्लंडमध्ये आणि इंग्लंडात बनलेली, सुमारे २६०० अश्वशक्तीची, मधोमध सांध्यावर वळणारी. पुढं-मागं लांब नाकाडं आणि चाकांना जोडलेले दांडे हलताना खरोखर खेकडाच चाललाय असं वाटे. उतरताना त्यांच्या मोटरी उलट जनित्रासारख्या चालून वीज तारेत परत ढकलत. अण्णा हे सांगताना असा चेहरा करायचे, की जणू ती वीज त्यांच्या खिशात जमा होतेय.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे, डी.सी. मोटर आमच्या घरात पुस्तकातून आली नाही. अण्णांनी मला जेवणाच्या ताटाशी शिकवलेला धडा असा: मोटर जागची हलवायची तर एकदम पूर्ण वीज देऊन चालत नाही, ती जळेल. म्हणून मध्ये रेझिस्टन्स घालायचा आणि एकेक खटका पुढं सरकवत तो काढत जायचा. "पण जोवर रेझिस्टन्स आहे तोवर अर्धी वीज हवा गरम करण्यात जाते. ड्रायव्हरनं खटक्यावर रेंगाळू नये." हे शेवटचं वाक्य मी विसरलो. पुढची गोष्ट त्याचीच.

मामा खर्डीच्या पलीकडे राहतो. भातसा नदी कसाऱ्याच्या डोंगरातून निघते आणि शहापूरजवळच्या धरणात अडते. मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी हेच. त्या पाण्याखाली मामाच्या वडिलांची भातखाचरं आहेत. जमीन गेली, मग उरलेल्यांनी जाळी घेतली. रोहू, कटला, कधी मळ्या, नशीब असेल तर वाम. मामाचं वय सत्तरीकडे झुकलं आणि खांदा धरला. वल्हं मारताना रात्रभर कण्हायचा, पण जाळी सोडायला तयार नव्हता. डिझेलचं इंजिन त्याला नको होतं. "पिण्याच्या पाण्यात तेल सांडायचं? मुंबईत तूच पितोस ना रे ते?" यावर मी काय बोलणार!

म्हणून २०१६ च्या मार्चात मी विजेच्या मोटरीच्या मागे लागलो. आणि लागलो की मुळापर्यंत जातो, ही खोड. विजेवर होडी चालवण्याची कल्पना रेल्वेच्या विजेपेक्षा कितीतरी जुनी निघाली. याकोबी नावाच्या शास्त्रज्ञानं १८३८ साली सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीवर डझनभर माणसं बसवून बॅटरीवर नाव चालवली होती. म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या पंधरा वर्षं आधी! पॅरिसला गुस्ताव्ह त्रूव्हेनं १८८१ मध्ये मोटर, पंखा आणि सुकाणू एकत्र करून होडीच्या मागं अडकवता-काढता येईल असं यंत्र केलं. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात तर पन्नासावर विजेच्या नावा लोकांना फिरवत होत्या. मग पेट्रोलची मोटर आली (एव्हिनरूडची, १९०९) आणि वीज मागं पडली. बॅटरीचं ओझं, दुसरं काय.

ती परत आली मासेमारांमुळे. १९३४ साली अमेरिकेत फार्गो गावच्या श्मिट नावाच्या माणसानं फोर्ड गाडीच्या स्टार्टर मोटरला दांडा आणि पंखा लावला. वेग नाही, पण आवाजही नाही. मासा बिथरत नाही. ते गाव मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवर, म्हणून कंपनीचं नाव मिन कोटा. गंमत अशी की चारच वर्षांपूर्वी आमच्या घाटात खेकडे चढू लागले होते.

या मोटरींची ताकद अश्वशक्तीत सांगत नाहीत, पाणी किती जोरानं ढकलते ते पौंडात सांगतात. ढोबळ हिशोब: भरलेल्या होडीच्या दर ४५ किलोंना दोन पौंड. आमची होडी, दोन माणसं, बॅटरी, जाळी, मासे मिळून पाचशे किलो धरले. म्हणजे बावीस-तेवीस पौंड. पण धरणावर दुपारी वारा उठतो, म्हणून दुप्पट, ४५ पौंडांची घेतली. १२ व्होल्ट, पूर्ण जोरात सुमारे ४० अँपिअर. म्हणजे पाऊण अश्वशक्तीसुद्धा नाही.

इथवर हिशोब बरोबर होता. चूक पुढं केली. एक प्रकार होता पाच खटक्यांचा, स्वस्त. दुसरा बिनखटक्यांचा, वीज झटपट चालू-बंद करून वेग कमी करणारा, बराच महाग. मी पैसे वाचवले. आणि बॅटरी म्हणून घरातली इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर उचलून नेली. १५० भागिले ४०, पावणेचार तास. हळू चाललो तर दिवसभर!

त्यातलं एकही खरं नव्हतं. तो १५० चा आकडा वीस तासांत सावकाश वीज काढली तर मिळणारा. जोरात काढली की कमी मिळते. त्यात शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिलं की लवकर मरते, आणि आमची तर पाच उन्हाळे इन्व्हर्टरवर घासलेली. आणि 'हळू' म्हणजे खटक्यांच्या मोटरीत तोच अण्णांचा रेझिस्टन्स! दुसऱ्या खटक्यावर होडी हळू जात होती, पण वाचायला हवी होती त्यातली बरीच वीज तारेची वेटोळी आणि भोवतालचं धरण गरम करत होती.

मे महिन्यात मी आणि मामा सकाळी निघालो. जाळी काढली, अकरा किलो मासे. मी खुशीत. परतताना पश्चिमेचा वारा समोरून आला आणि मोटर आधी कुरकुरली, मग गप्प झाली. पाण्याच्या मधोमध. काठ दिसतो आणि जवळ येत नाही, ही भावना मी पुन्हा घेऊ इच्छित नाही. पन्नास किलोंची मेलेली बॅटरी पायाशी. मामा काही बोलला नाही. त्यानं फळीखालून वल्ही काढली. मी न सांगता त्यानं ती सकाळीच ठेवली होती. एक मला दिलं, एक स्वतः घेतलं, त्याच खांद्यानं. दोन तास. काठाला लागल्यावर तो वाळूत बसून राहिला आणि मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

मामी मात्र बोलली. जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दिवाळीनंतर खटक्यांची मोटर विकली, बिनखटक्यांची घेतली, आणि नवी बॅटरी. निम्म्या वेगानं चाललं तर वीज निम्म्याहून खूपच कमी लागते, हे आता मामाला माझ्याहून चांगलं कळतं. पूर्ण जोर फक्त वाऱ्यासाठी. दर आठ दिवसांनी पंख्याचा नट काढून आत गुंडाळलेला जाळ्याचा दोरा काढायचा, नाहीतर तो सील कापतो आणि मोटरीत पाणी शिरतं. पंख्याची पिन सुटी दोन जवळ ठेवायची. आणि बॅटरी बुडाशी नाही, होडीच्या मध्यावर, नाहीतर नाक वर होतं.

त्यानंतर २०१७ मध्ये केरळात वैक्कमला सौर ऊर्जेवरची 'आदित्य' फेरीबोट सुरू झाली. तिचा फोटो मी मामाला दाखवला. त्यानं चष्मा वर करून बराच वेळ पाहिला.

"वल्ही कुठं ठेवलीत यांनी?" म्हणाला.