एक ऑगस्टचं एक नाव

रॉकच्या इतिहासात अमुक तारखेला काय घडलं, याच्या याद्या मला फारशा आवडत नाहीत. जन्म, मृत्यू, विमान-अपघात आणि विक्रीचे उच्चांक, सगळं एकाच तागडीत. १ ऑगस्टच्या रकान्यात दोन नोंदी मात्र हमखास सापडतात : १९८१ साली अमेरिकेत सुरू झालेला एमटीव्ही, आणि त्याच्या बरोबर दहा वर्षं आधी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेली ‘द कॉन्सर्ट फॉर बांगला देश’. एमटीव्हीवर पुष्कळांनी लिहिलं आहे. मला रस आहे तो दुसऱ्या नोंदीतल्या नावात.

१९७१च्या त्या रविवारी बांगलादेश हा देश जगातल्या सरकारांच्या लेखी नव्हताच. नकाशावर पूर्व पाकिस्तान होता. हंगामी सरकार एप्रिलमध्ये स्थापन झालं होतं, पण भारतानेसुद्धा त्याला मान्यता दिली ती ६ डिसेंबरला. निक्सन प्रशासन तर पाकिस्तानच्या पाठीशी होतं. आधी चक्रीवादळ, मग कत्तल, मग लाखो निर्वासित; ‘पूर्व पाकिस्तानच्या पीडितांसाठी’ एवढं म्हटलं असतं तरी तिकिटं खपली असती. पण रविशंकरांच्या सांगण्यावरून पुढे आलेल्या जॉर्ज हॅरिसनने कार्यक्रमाला नाव दिलं ते बंगाली लोक स्वतः उच्चारत होते तेच. भाषांतराच्या कामात हा पेच मला नेहमी भेटतो. विशेषनामाचं भाषांतर होत नाही, पण दोन नावांपैकी कोणतं घ्यायचं हे ठरवताना आपण कोणाच्या तरी बाजूला जाऊन उभे राहतो.

रविशंकर मंचावरून म्हणाले, की आम्हाला राजकारण करायचं नाही, आम्ही कलावंत आहोत. आणि लगेच त्यांनी तिथल्या दुःखाबद्दल बोलताना त्या देशाचं नाव घेतलं!

यानंतरचा किस्सा सगळ्यांना ठाऊक असतो. वाद्यं जुळवून झाली आणि श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. जुळवणीच एवढी आवडली तर वादन त्याहून आवडेल, अशी आशा रविशंकरांनी हसत व्यक्त केली. हा किस्सा अमेरिकन श्रोत्यांच्या अज्ञानावर हसण्यासाठी सांगतात. मला त्यात आदरच अधिक दिसतो. बीटल्सपैकी दोघांना पाहायला आलेली ही गर्दी त्याआधी गप्प बसून ऐकत होती.

त्यानंतर वाजली ती ‘बांगला धून’. सतारीसोबत सरोद, तबल्यावर अल्लारखा, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. सरोदवर होते अली अकबर खाँ. त्यांचा जन्म कोमिल्लाकडच्या शिवपूरचा, म्हणजे त्या युद्धाच्या मुलखातला. त्यांचे वडील आणि रविशंकरांचे गुरू अल्लाउद्दीन खाँ हेही तिथलेच. ते तेव्हा मैहरला हयात होते. रॉकच्या इतिहासात या वादनाला ‘पूर्वार्ध’ म्हणून दोन ओळी मिळतात, आणि पुढची पानं क्लॅप्टन, लिऑन रसेल आणि अवचित अवतरलेल्या डिलनला.

दोन खेळांना मिळून सुमारे ४०,००० माणसं आली. तिकिटांचे जवळजवळ अडीच लाख डॉलर युनिसेफकडे गेले. ध्वनिमुद्रिकेचा पैसा मात्र करखात्याच्या घोळात वर्षानुवर्षं अडकला. तीन तबकड्यांच्या त्या संचावर नाव दोन शब्दांत छापलं आहे : बांगला, मग मोकळी जागा, मग देश. मुद्रितशोधक ती जागा मिटवायला निघतात. मी ती पुन्हा घालते.