एका विलायती गावच्या चर्चचा जीर्णोद्धार

इंग्लंडच्या पूर्व भागातील सफोक परगण्यात लाँग मेलफर्ड नावाचे गाव आहे. पंधराव्या शतकात तेथे लोकरीच्या कापडाचा धंदा भरभराटीस आला होता. या धंद्यात पैसा मिळविलेल्या मंडळींनी गावच्या जुन्या चर्चचा जीर्णोद्धार मनावर घेतला आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात आजची भव्य वास्तू उभी राहिली.

पुढाकार होता जॉन क्लॉप्टन या धनिक गृहस्थाचा. १४६२ साली राजद्रोहाच्या आरोपावरून तो लंडनच्या किल्ल्यात कैद होता. बरोबरच्यांचा शिरच्छेद झाला, हा मात्र दैवाने सुटला! पुढे त्याने चर्चसाठी सढळ हाताने खर्च केला. १४९७ मध्ये तो वारला. त्याची कबर तेथेच आहे.

सफोकमध्ये घडण्याजोगा दगड निघत नाही. तेव्हा गवंडी काळसर गारगोटी फोडून तिची सपाट बाजू दर्शनी ठेवीत व बाहेरून आणलेल्या फिकट दगडाच्या चौकटीत ती बसवीत. चर्चचे मधले दालन सुमारे १५२ फूट लांब आहे. गावच्या चर्चला एवढे दालन विरळाच.

देणगीदारांची नावे देवळाच्या पायरीवर कोरण्याची चाल आपल्या परिचयाची आहे. येथे ती बाहेरच्या भिंतीवर, उंचावर कोरलेली आहेत. रॉजर मोरियल व त्याच्या पत्नी मार्गारेट आणि कॅथरिन यांच्या द्रव्यातून सहा कमानी नव्याने दुरुस्त केल्याची नोंद आहे. गावातील सद्भावी माणसांच्या मदतीचाही उल्लेख आहे. पण त्यांची नावे नाहीत. लहान वर्गणीदाराच्या वाट्याला तेव्हाही एवढेच आले. वाचणाराने दात्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी, अशी विनंती या लेखांत आहे.

पुढे धर्मक्रांती झाली. १५४७ च्या कायद्याने मृतांच्या प्रार्थनेसाठी ठेवलेल्या देणग्या सरकारजमा झाल्या. मूर्ती फुटल्या, सोन्याचा मुलामा दिलेले देव्हारे गेले. भिंतीवरील नावे मात्र राहिली. ज्या प्रार्थनेसाठी पैसा दिला तीच बंद पडली, याचे दुःख त्या घराण्यांना किती झाले असेल! रॉजर मार्टिन या गावकऱ्याने म्हातारपणी जुन्या वैभवाचे वर्णन लिहून ठेवले. चर्चमधील क्रूसाचे एक जीर्ण शिल्प त्याने घरी जपले होते. वारसांनी ते दुरुस्त करून कधीतरी परत जागेवर बसवावे, एवढीच त्याची इच्छा होती. संगजिऱ्याचे एक कोरीव शिल्प तर चर्चच्या जमिनीखाली सापडले.

चर्चच्या मागे १४९६ साली बांधलेले माता मेरीचे प्रार्थनागृह आहे. १६७० पासून तेथे शाळा भरू लागली. भिंतीवर रंगविलेले पाढे आजही वाचता येतात.

१७१० च्या सुमारास मनोऱ्यावर वीज कोसळली. गावाने विटांचा साधा मनोरा बांधून वेळ भागविली, पण तो या वास्तूला शोभत नव्हता. अखेर १८९८ ते १९०३ या काळात बॉडली या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्याप्रमाणे काम झाले. विटांचा मनोरा न पाडता त्याच्याभोवतीच गारगोटी व दगडाचे नवे कवच चढविण्यात आले.