चार प्रहरांचा कलप

ग्रहांच्या गति, पर्जन्याचीं लक्षणें, भूकंप, उल्कापात, देवालयांचीं मापें आणि रत्नांची पारख हे विषय ज्या ग्रंथांत सांगितले आहेत, त्याच ग्रंथांत पांढरे केस काळे करण्याची कृति असावी, याचें प्रथम वाचतांना कोणासही नवल वाटेल. पण वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत ती आहे, आणि तीही ओझरती नाहीं. सहाव्या शतकांतील हा अवंतीचा ज्योतिषी गंधयुक्तीच्या अध्यायाचा आरंभच केसांपासून करतो. ज्याचें मस्तक पांढरें झालें त्याला माळा, सुगंध, वस्त्रें, अलंकार कांहींच शोभत नाहींत. म्हणून अगोदर केसांची व्यवस्था लावावी, मग सुगंधांकडे वळावें, असा त्याचा व्यवहारी क्रम आहे. पांढरा केस म्हणजे यमाची चिठ्ठी, असें मानण्याची चाल आपल्या वैराग्यपर वाङ्मयांत पुष्कळ. वराहमिहिराला मात्र ती चिठ्ठी न वाचतांच परत पाठवावीशी वाटते.

ही कृति आम्ही मुद्दाम शोधून वाचली, त्यास एक निमित्त घडलें. आमच्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त गुरुजींनीं पुतणीच्या लग्नापूर्वी तीन दिवस केसांस 'काळी मेंदी' लावून घेतली. पुडीवर हिरवें पान छापलेलें, 'वनस्पतिजन्य' हा शब्द ठसठशीत; आणि अर्ध्या तासांत केस कोळशासारखे काळे. दुसऱ्या दिवशीं डोक्यास कंड सुटली, तिसऱ्या दिवशीं डोळे सुजून मिटले, कानांमागें पाण्यानें भरलेले फोड आले, आणि गुरुजी मांडवाऐवजीं दवाखान्यांत गेले. पुडीच्या मागील बाजूस, भिंगाशिवाय वाचतां न येणाऱ्या अक्षरांत, 'पॅरा-फेनिलीनडायअमीन' असें एक नांव होतें. "अहो, मीं मेंदीच मागितली होती हो!" एवढेंच ते पुनःपुन्हां म्हणत होते. त्यांनीं मागितली होती हें खरें. पण मेंदी अर्ध्या तासांत काळी होत नाहीं, हें त्यांच्या आईस ठाऊक असतें. त्यांस ठाऊक नव्हतें. मधल्या काळांत काय घडलें तें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटलें.

वराहमिहिराची कृति अशी. लोखंडी भांड्यांत आंबट द्रव घेऊन त्यांत लोहचूर्णासह हरकाचे तांदूळ शिजवावे, तें सर्व बारीक वाटावें, केसही आंबट द्रवानें भिजवून त्यांवर हा लेप द्यावा आणि ओलीं पानें गुंडाळून बसावें. दोन प्रहर लोटल्यावर लेप काढून आंवळ्याचा लेप द्यावा, पुन्हां पानांनीं झांकावें, आणि आणखी दोन प्रहरांनीं डोकें धुवावें. एकूण चार प्रहर, म्हणजे आजच्या घड्याळानें बारा तास. शेवटीं स्नानानें व सुगंधी तेलांनीं लोखंडाचा आणि आंबटाचा वास घालवावा, अशीही सूचना आहे. ती वाचून आम्हांस वाटलें कीं, हा प्रयोग कोणीतरी खरोखर करून पाहिलेला असला पाहिजे. केवळ पोथीवरून लिहिणाऱ्यास वासाची आठवण होत नाहीं.

यांतील रसायन सोपें आहे. आंबटांत लोखंड थोडें विरघळतें. आंवळ्यांत तुरट द्रव्य विपुल असतें. दोहोंचा संयोग होऊन हवा लागली कीं काळा रंग उमटतो. हिराकस आणि हिरडा यांपासून आपल्याकडे जी शाई करीत, तिचें रसायन हेंच. आपल्या पणजोबांची बोरूची शाई आणि अवंतीच्या शौकिनांचा कलप हीं सख्खीं भावंडें होत. लोखंडी कढईंत आंवळकाठी आणि माका रात्रभर भिजत घालण्याची जी चाल कित्येक मराठी घरांत अद्याप आहे, तिच्या मुळाशीं हीच क्रिया आहे. हा रंग केसाच्या आंत शिरत नाहीं, वर बसतो. म्हणून तो दाट येत नाहीं व फार दिवस टिकत नाहीं. पण पाण्याबरोबर तो वाहून गेला तर नदीस त्याची बाधा होत नाहीं, हीही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

याच काळ्या रंगासाठीं रोमन जग दुसऱ्या वाटेनें गेलें, आणि ती वाट शिशाची होती. पहिल्या शतकांतील ग्रंथकार प्लिनी यानें जळवा आणि शिर्का शिशाच्या भांड्यांत साठ दिवस कुजवून तो लेप उन्हांत बसून लावण्याची कृति नोंदविली आहे. लेप लावतांना तोंडांत तेल धरावें, न धरल्यास दांतही काळे होतात, असें कोणाच्या तरी हवाल्यानें तो सांगतो. जळवांचें हंसूं आलें तरी शिशाचें येऊं नये. शिशाचा ऑक्साइड आणि चुना यांचा जो लेप ग्रीक-रोमन काळापासून चालत आला, त्याची परीक्षा फ्रेंच संशोधकांनीं केली. तींतलें शिसें केसांतील गंधकाशीं मिळून केसाच्या आंतच अतिसूक्ष्म काळे स्फटिक बनवितें, असें त्यांनीं २००६ सालीं दाखवून दिलें. रंग उत्तम आणि पक्का. द्रव्य मात्र विषारी. आणि ही केवळ प्राचीनांची चूक नव्हे. पांढरे केस हळूहळू काळे करणारीं शिशाच्या ॲसिटेटचीं पाणीं अमेरिकेंत विसाव्या शतकभर दुकानांत मिळत होतीं. त्यांची परवानगी काढून घेण्याचा निर्णय तेथील सरकारनें २०१८ सालीं घेतला. रंगवून रंगवून प्रेयसीचे केस गळाले म्हणून ओव्हिडनें तिला एका कवितेंत रागें भरलें आहे. त्या कवितेस दोन हजार वर्षें झालीं. कवि शहाणा ठरला, गिऱ्हाईक नाहीं.

मेंदी आणि नीळ यांची जोडी या दोहोंहून निराळी. मेंदीच्या पानांतलें रंगद्रव्य केसाच्या प्रथिनाशीं स्वतःच जोडलें जातें. त्यास दुसऱ्या कोणत्याही तीव्र द्रव्याची मदत लागत नाहीं. पण मेंदीला एकच रंग ठाऊक आहे, तो तांबूस-केशरी. पांढऱ्या केसांवर ती लावली कीं डोकें पळसासारखें फुलतें. तें नको असेल तर मेंदी धुतल्यावर निळीच्या पानांची पूड लावावयाची. इराणांत व अरबांत या पानांस 'वस्मा' म्हणतात. तांबड्यावर निळा बसला कीं तपकिरीपासून काळ्यापर्यंत छटा येते. मेंदी भिजवून कांहीं तास मुरवावी लागते. निळीचें उलट, ती कालवली कीं ताबडतोब लावली पाहिजे, हवेंत तिचा गुण उडून जातो. असे दोन लेप, दोन वेळां धुणें, आणि खरी छटा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं. येथेंही अर्धा दिवस गेलाच.

वनस्पति म्हणजे निर्दोष, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. रक्तांतील एका विशिष्ट द्रव्याची जन्मजात उणीव असलेल्या तान्ह्या मुलांस मेंदीच्या लेपानें रक्ताचा नाश होऊन गंभीर अपाय झाल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. आणि निळीचें झाड जमिनीस कितीही उपकारक असलें, तरी चंपारण्याच्या कुळांस तीनकठियाच्या सक्तीनें तें किती मानवलें, हें १९१७ सालच्या हकीकतींवरून सर्वांस माहीत आहे. पानाची सौम्यता पानापुरती. तें पिकविणाऱ्याशीं व्यवहार करणारा माणूस निराळा. राजस्थानांतील सोजतच्या मेंदीस २०२१ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. कमी पावसाच्या त्या मुलुखांत एकदां लावलेलें झुडूप वर्षानुवर्षें पानें देतें. केशरंगांत शेतकऱ्याची आणि भूमीची काळजी एकदम घ्यावयाची असेल, तर असल्या पिकाकडे पाहण्यास हरकत नाहीं.

आतां गुरुजींच्या पुडीकडे येतों. १८५६ सालीं अठरा वर्षांच्या विल्यम पर्किन यानें लंडनमध्यें कोयनेल बनवूं जातां दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला, आणि जगांतील रंगाचा धंदा पानांकडून डांबराकडे वळला. त्या धंद्याचा स्वभाव लवकरच दिसला: १८६४ च्या सुमारास स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं एका रंगाच्या कारखान्याच्या सोमलानें शेजारच्या विहिरी नासून माणसें आजारी पडलीं. याच डांबराच्या कुळांतलें पॅरा-फेनिलीनडायअमीन केस व लोंकर रंगविण्यास उपयोगी आहे, हें त्या शतकाच्या नवव्या दशकांत ठरलें. १९०७ सालीं यूजीन श्युएलर या पॅरिसच्या तरुण रसायनज्ञानें असाच एक कलप तयार केला आणि १९०९ सालीं कंपनी काढली. पुढें लोरेआल या नांवानें जगभर गेलेल्या त्या कंपनीचें मूळ नांव 'केसांच्या निरुपद्रवी रंगांची फ्रेंच मंडळी' अशा अर्थाचें होतें. हें नांव निव्वळ लबाडीचें होतें, असें आम्हांस वाटत नाहीं. शिशाशीं तुलना केली तर तो रंग निरुपद्रवीच म्हणावयाचा. पण तुलना कशाशीं केली हें शब्दांत राहत नाहीं, शब्द तेवढा राहतो.

या रंगाची युक्ति अशी कीं, मूळ द्रव्य बिनरंगी आणि बारीक असतें. अमोनियानें केसाचे खवले उघडतात, तें आंत शिरतें. मग हायड्रोजन पेरॉक्साइडच्या योगानें त्याचे कण एकमेकांशीं जुळून मोठे, रंगीत होतात व बाहेर पडूं शकत नाहींत. चार प्रहरांचें काम अर्ध्या तासांत होतें तें याच जोरावर. पण हें जुळणें अपुरें असतां मधल्या अवस्थेंतलें द्रव्य त्वचेच्या प्रथिनांशींही जुळतें, आणि एकदां शरीरानें त्यास शत्रु मानलें कीं तें वैर बहुधा जन्मभर सुटत नाहीं. १९३३ सालीं अमेरिकेंत 'लॅश ल्यूर' नांवाच्या पापण्यांच्या रंगानें कित्येक स्त्रियांच्या डोळ्यांस भयंकर इजा झाली, कांहीं अंध झाल्या, एक दगावली. १९३८ चा कायदा होण्यास तें एक कारण होतें. पण त्याच कायद्यानें डांबरी केशरंगांस, इशारा छापल्यास, सूट दिली. १९७५ सालीं ब्रूस एम्स व त्यांचे सहकारी यांनीं अशा १६९ तयार रंगांची जंतूंवर परीक्षा केली, त्यांपैकीं १५० आनुवंशिक द्रव्यांत बिघाड करणारे आढळले. त्यानंतर कांहीं घटक काढून टाकले गेले. आजचा निवाडा असा: केस रंगविणाऱ्या कारागिरांचा धंदा कर्करोगास बहुधा कारण होणारा, असें आंतरराष्ट्रीय संस्थेनें ठरविलें आहे; घरीं रंग लावणाऱ्यांविषयीं पुरावा निर्णायक नाहीं. म्हणजे धोक्याचा मोठा वांटा खुर्चीवर बसणाराकडे नसून मागें उभा राहणाराकडे आहे. सौम्य रंग निवडतांना आपल्या केसांचा विचार प्रत्येकजण करतो, त्या हातांचा क्वचितच कोणी करतो.

'अमोनियाविरहित' या शब्दानेंही भुलूं नये. पुष्कळदां त्या ठिकाणीं इथेनॉलअमीन असतें. त्यास वास नसतो, पण तें उडूनही जात नाहीं, केसांतच रेंगाळतें. आणि 'काळी मेंदी' ही तर दोन्ही युगांची गांठ. सुदानांत, मोरोक्कोंत, आपल्याकडे, जेथें जेथें मेंदीवर लोकांचा जुना विश्वास, तेथें तेथें पानाच्या पुडींत हें द्रव्य मिसळून वेळ वांचविला गेला. विश्वास चार प्रहरांचा आणि काम अर्ध्या तासाचें, हा तो सौदा. प्रत्येक पुडीवर कानामागें थोडा रंग लावून ४८ तास वाट पाहण्याची सूचना असते. ज्यास अठ्ठेचाळीस तास थांबतां येतें, तो अर्ध्या तासाचा रंग विकत कशाला घेईल, हा प्रश्न छापणारांस सुचलेला दिसत नाहीं.

गुरुजी बरे झाले. तो रंग पुन्हां जन्मांत लावावयाचा नाहीं, असें डॉक्टरांनीं बजावलें. आतां ते महिन्यांतून एका रविवारीं, घटकांची यादी वाचून घेतलेली निव्वळ मेंदी आदल्या रात्रीं लोखंडी कढईंत आंवळ्याच्या पाण्यांत भिजवितात, आणि सकाळपासून दुपारपर्यंत डोक्यास जुनें धोतर गुंडाळून वर्तमानपत्र वाचीत बसतात. निळीची खटपट ते करीत नाहींत. केस उन्हांत तांबडे दिसतात, मिशा पांढऱ्या त्या पांढऱ्याच राहिल्या आहेत, आणि नातवंडें त्यावरून हंसतात. तें ते चालवून घेतात.