शहराचं नाव चारदा बदललं, सोस्लान तोच राहिला

कुस्तीप्रेमींनो, सोस्लान हे नाव ऐकलंच असेल. जड वजनगटातला सोस्लान आंदियेव, १९७६ आणि १९८० चा ऑलिम्पिक विजेता. २०१६ ला रिओत ६५ किलोचं सुवर्ण नेणारा सोस्लान रमोनोव. दोघेही काकेशसमधले ओसेतियन.

हे नाव त्यांच्या नार्त वीरकथांतलं. तिथला सोस्लान दगडातून जन्मतो. लांडगिणीच्या दुधात बुडवून त्याचं अंग पोलादासारखं केलं जातं, गुडघे तेवढे बाहेर राहतात. शेवटी फिरतं चाक तिथूनच त्याचे पाय कापतं. आपल्या दुर्योधनाची मांडी आठवली ना?

१२ व्या शतकात जॉर्जियाच्या तामार राणीचा नवराही दावीद सोस्लानच. गंमत म्हणजे वासो अबाएव या ओसेतियन भाषातज्ज्ञानेच नावाचं मूळ तुर्की भाषेत दाखवलं. ओसेतियन भाषा तर इराणी कुळातली! म्हणजे नाव उसनं. म्हणून कुणी टाकलं नाही.

रमोनोव जन्मला दक्षिण ओसेतियात, जिथे २००८ ला युद्ध पेटलं. आंदियेव उत्तरेतल्या व्लादिकावकाझचा. त्या शहराचं नाव सरकारने १९३१, १९४४, १९५४ आणि १९९० असं चारदा बदललं. घराघरातल्या सोस्लानला मात्र कुणी हात लावला नाही.