सु॥ १०८१ : दोन उभ्या रेघा आणि दहा वर्षांचा घोळ

जुन्या मराठी लेखनात सर्वाधिक राबलेले चिन्ह म्हणजे दोन उभ्या रेघा : ॥. पोथीत ओवीच्या शेवटी त्या विराम दर्शवितात. मोडी पत्रात एखाद्या अक्षरानंतर आल्या की शब्द संक्षिप्त असल्याचे सांगतात. रा॥ म्हणजे राजश्री, मु॥ म्हणजे मुक्काम. हिशेबात आकड्यानंतर आल्या की त्याच रेघा ‘अर्धा’ होतात : ५॥ म्हणजे साडेपाच. एक रेघ पाव, तीन रेघा पाऊण. कारकुनाला यात संभ्रम नव्हता. रेघ कोणाच्या शेजारी बसली आहे, यावरून अर्थ ठरत असे. अडचण उद्भवते ती मजकूर एका लेखनपद्धतीतून दुसरीत नेताना.

या रेघांवर किती भार असतो, हे पाहायचे तर दौलताबादच्या काळात मागे जावे लागते. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी आणली. हिजरी वर्ष चांद्र, म्हणजे सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. पिके मात्र सूर्यावर चालतात. त्यामुळे सारावसुलीला हिजरी सन गैरसोयीचा. दख्खनेत रूढ झालेला शुहूर सन ही यावरची तोड होती. गणिताने मागे गेल्यास शुहूर आणि हिजरी हे दोन्ही आकडे मे १३४४ मध्ये, हिजरी ७४५ ला, एकत्र येतात. ती कारकीर्द तुघलकाची असल्याने अभ्यासक या सनाचा संबंध त्याच्याशी जोडतात. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की हे वर्ष बदलते, म्हणून त्याला मृगसाल असेही नाव पडले. बहमनी, निजामशाही, आदिलशाही आणि पुढे मराठे, सर्वांच्या दफ्तरांत तो टिकला. पत्रांत त्याची खूण बहुधा एवढीच : सु॥.

१६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले आणि शाहजहानच्याच काळात दख्खनेत फसली सन आला. आता एकाच प्रदेशात तीन सन नांदू लागले, आणि तिघांचेही आकडे एकमेकांच्या इतके जवळ की आकड्याकडे पाहून सन ओळखता येऊ नये. कागदावर केवळ १०८१ उरले आहे, असे समजा. हिजरी मानल्यास ते इ. स. १६७०-७१; दख्खनी फसली मानल्यास १६७१-७२; शुहूर मानल्यास १६८०-८१. पहिल्या दोन वाचनांत शिवाजी महाराज हयात आहेत आणि राज्याभिषेक अजून व्हायचा आहे. तिसऱ्या वाचनात महाराजांचे निधन होऊन गेले असून गादीवर संभाजी महाराज आहेत. सारा निर्णय ‘सु॥’ या दीड अक्षरावर.

आज असे कागद बाळबोधीत उतरवून संगणकावर चढवले जातात तेव्हा अनेक जण ॥ ऐवजी कळफलकावरील उभी रेघ, म्हणजे पाइप, दोनदा दाबतात. दिसायला फरक जवळजवळ नाहीच. परंतु मार्कडाऊनसारख्या साध्या मजकुराच्या पद्धतीत तक्त्याचे रकाने पाडण्याचे काम हीच रेघ करते. मग यंत्र ‘सु’ एका रकान्यात ठेवते, मध्ये एक रिकामा रकाना पाडते आणि १०८१ तिसऱ्यात ढकलते. खूण आणि आकडा यांची ताटातूट होते. साडेपाच रुपयांचेही पाच रुपये उरतात आणि अर्धा गुपचूप रकान्याची भिंत होतो.

यावरचा उपाय म्हणून रेघेपूर्वी तिरकी रेघ देतात. ‘पुढचे चिन्ह मजकुराचे आहे, आज्ञेचे नव्हे’ असा तिचा अर्थ. मात्र तयार तक्त्यावर सरसकट हा बदल केला तर खऱ्या भिंतीही मजकूर बनतात. दोनदा केला तर तिरक्या रेघाच वाचकापुढे येतात, आणि तोच मजकूर पुढे दुसऱ्या स्वरूपात नेताना त्या तशाच चिकटून राहतात. म्हणून हे काम प्रत्येक रकान्याच्या मजकुरावर, ओळ जुळवण्यापूर्वी आणि एकदाच व्हावे. त्याहून बरे म्हणजे मुळातच ॥ हे चिन्ह टंकावे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान आहे. पाऊणसाठी ॥ आणि । या क्रमाने लिहायचे की । तीनदा, एवढे मात्र आधी ठरवावे लागते, अन्यथा शोध घेताना निम्मे पाऊण सापडत नाहीत.

जुन्या कारकुनांजवळ याहून भक्कम उपाय होता. शुहूर वर्ष ते पुष्कळदा आकड्यांत न लिहिता अरबी संख्याशब्दांत लिहीत, एकक आधी आणि हजार शेवटी : इहिदे समानीन अलफ. एक, ऐंशी, हजार. अशा लेखनातही नक्कल करताना चूक होते. समान म्हणजे आठ, समानीन म्हणजे ऐंशी. शेवटचा ‘ईन’ गळला की १०८१ चे १००९ व्हावेत. पण तसे झाल्यास एक आणि आठ अशी दोन एकके शेजारी येतात. अरबी संख्यांत असे वर्षच संभवत नाही, आणि मोडी लावणारा जाणकार तेथेच थबकून मूळ कागद पुन्हा उजेडात धरतो.